ओस गडांना माणसांत आणणारे गोनीदा

पाठीवर सॅक टाकून सह्याद्रीच्या वाटा तुडवणारी तरुणाई आज महाराष्ट्राला नवी नाही. पण सव्वाशे वर्षे ओस पडलेल्या गडांकडे सामान्य मराठी वाचकाची पावले वळवण्याचे काम ज्या मोजक्या माणसांनी केले, त्यांत गोपाल नीलकंठ दांडेकर यांचे नाव अग्रभागी आहे. घर सोडून निघालेला एक शाळकरी मुलगा दुर्गभ्रमणाचा दीपस्तंभ कसा झाला, त्याचा हा मागोवा.

पावसाळ्यातील शनिवारची रात्र. कोपर स्थानकाच्या फलाटावर कामावरून परतणाऱ्यांची गर्दी ओसरू लागलेली असते, आणि त्याच वेळी काही तरुण पाठीवर सॅक, पायांत चिखलाने माखलेले बूट अशा थाटात घराबाहेर पडतात. डोंबिवली किंवा कल्याण गाठायचे, कर्जतची लोकल पकडायची आणि पहाट होता होता राजमाचीच्या पायथ्याशी पोहोचायचे, असा त्यांचा बेत असतो. कोपरच्या पश्चिमेला जी उल्हास खाडी पसरली आहे, तिच्यात येणारे पाणी त्याच राजमाचीच्या कुशीतील दरीतून निघालेले आहे. कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत उल्हास नदी खाडीला मिळते. तरुणांची गाडी जणू नदीच्या उलट दिशेने तिच्या उगमाकडे जाते.

या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने गो. नी. दांडेकर वाचले असतील असे नाही. पण सुटीच्या दिवशी गडावर जावे, तिथे रात्र काढावी, पडक्या तटावर बसून जुना काळ डोळ्यांपुढे आणावा, ही रीत मराठी मध्यमवर्गात रुजवणाऱ्यांत गोनीदांचा वाटा फार मोठा आहे. ८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस. तो ऐन पावसाळ्यात, सह्याद्री हिरवागार झालेला असताना यावा, हाही एक योगच म्हणायचा.

घर सुटले

गोनीदांचा जन्म १९१६ साली विदर्भातील परतवाड्याचा. सह्याद्रीपासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचे बालपण गेले. शाळा सातवीतच सुटली. बारा-तेरा वर्षांच्या या मुलाने महात्मा गांधींच्या हाकेला ओ देत स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेण्यासाठी घर सोडले. त्या काळी असे अनेक जण घराबाहेर पडले. त्यांतील बहुतेक काही महिन्यांनी परतले, पुन्हा शाळेत बसले, नोकरीला लागले. गोनीदांचे तसे झाले नाही. त्यांच्या आयुष्यात भटकंती शिरली ती कायमची.

या भटकंतीत त्यांना गाडगे महाराज भेटले. हातात खराटा घेऊन गावचे रस्ते झाडणारा आणि रात्री कीर्तनातून माणसांच्या मनातील अंधश्रद्धा झाडणारा हा संत. गोनीदांनी त्यांच्यासमवेत गावोगाव फिरून त्यांचा संदेश लोकांपर्यंत नेला. खेड्यातील माणूस कसा बोलतो, काय खातो, कशाला भितो आणि कशावर जीव टाकतो, याचे शिक्षण त्यांना कोणत्याही विद्यापीठात मिळाले नसते. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतील माणसे पुस्तकी वाटत नाहीत, त्याचे मूळ या पायपिटीत आहे.

त्यानंतर वेदान्ताचा अभ्यास झाला. औंधला पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या सहवासात काम झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यातही त्यांनी काही वर्षे घालवली. मधल्या काळात नर्मदेची परिक्रमा घडली. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, काठाकाठाने, मिळेल ते खात आणि मिळेल तिथे निजत करायची ही पदयात्रा. परंपरेने तिला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. या अनुभवातून पुढे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली. आणि या साऱ्या अस्थिर वर्षांची कहाणी त्यांनी 'स्मरणगाथा'त सांगितली. १९७६ साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

चळवळ, साधू, ग्रंथ, संघटना, नदी असे एकेक करून सारे अनुभवून झाल्यावर तिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस थांबला. हाती पदवी नव्हती, नोकरी नव्हती. होती ती फक्त पाहिलेल्या माणसांची आणि वाटांची शिदोरी.

लेखणीवर संसार

१९४७ साली गोनीदांनी केवळ लेखनावर जगायचे ठरवले. आज हे वाक्य सहज लिहून जाते. पण त्या काळी मराठीतील बहुतेक नामवंत लेखक प्राध्यापक, शिक्षक, वकील किंवा सरकारी नोकर होते. लेखन हा त्यांचा व्यासंग होता, पोटाचा आधार नव्हता. पुस्तकाची एक आवृत्ती संपायला वर्षे लागत. अशा बाजारात केवळ लेखणीच्या भरवशावर घर चालवणे म्हणजे दोराविना कडा चढण्यासारखे होते.

राहण्यासाठी त्यांनी तळेगाव दाभाडे निवडले. पुणे आणि लोणावळा यांच्यामधील हे गाव. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे सारे गड इथून एका दिवसाच्या टप्प्यात येतात. लेखकाने मुंबई-पुण्याच्या साहित्यवर्तुळापेक्षा मावळची माती जवळ केली. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा या निवडीत स्पष्ट दिसते.

या घरातून मग पुस्तकांमागून पुस्तके निघाली. 'शितू' आणि 'पडघवली' यांनी कोकण उभे केले. 'पूर्णामायची लेकरं'मध्ये वऱ्हाडी बोली नांदली. 'आम्ही भगीरथाचे पुत्र'साठी त्यांनी थेट भाक्रा-नांगल धरणाचा विषय घेतला. ज्ञानेश्वरांवर 'मोगरा फुलला', तुकारामांवर 'तुका आकाशाएवढा', रामदासांवर 'दास डोंगरी राहतो' या कादंबऱ्या झाल्या. शिवकालावर 'बया दार उघड', 'हरहर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' ही कादंबऱ्यांची मालिका झाली. विषय बदलत राहिले, पण एक गोष्ट बदलली नाही. गोनीदा जिथले लिहीत, तिथे आधी पायी जाऊन येत.

सुरुंगांनी तोडलेल्या वाटा

गोनीदांनी गडांसाठी काय केले हे समजायचे तर त्यापूर्वी गडांचे काय झाले होते, ते पाहावे लागते.

१८१८ साली मराठी राज्य बुडाले आणि एकामागून एक किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले. काही ठिकाणी लढाई झाली, बऱ्याच ठिकाणी तीही झाली नाही. या डोंगरी किल्ल्यांचा आसरा घेऊन पुन्हा बंड उभे राहू नये म्हणून इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. जीवधन, अलंग यांच्या तुटलेल्या पायऱ्या आजही ते सांगतात. गडावरचे शिबंदीचे लोक पांगले. पाण्याची टाकी गाळाने भरली, सदरेची लाकडे वाऱ्यापावसाने खाल्ली, तटावर वड-पिंपळांनी मुळे रोवली. गडांवर गुरे चरू लागली.

कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना रोज दिसणारा मलंगगड याच इतिहासाचा भाग आहे. १७८० साली इंग्रजांनी त्याला वेढा घातला होता आणि मराठ्यांनी तो झुंजवला होता. आज माचीवरच्या दर्ग्यामुळे तिथे माणसांचा राबता आहे, पण वरचा बालेकिल्ला, त्याची टाकी आणि तट यांच्यापर्यंत फारच थोडे जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामण गंगाधर गोगटे यांनी महाराष्ट्रातील किल्ल्यांची माहिती ग्रंथरूपाने एकत्र केली. इतिहास संशोधकांनी कागदपत्रे उजेडात आणली. परंतु शहरातील साधा वाचक गडावर जात नव्हता. त्याच्या लेखी गड म्हणजे शाळेच्या पुस्तकातील नावे आणि सनावळ्या. कागदावरचा गड आणि डोंगरावरचा गड यांच्यामध्ये कोणीतरी वाट पाडायला हवी होती. ती गोनीदांनी पाडली.

माचीवरचा म्हातारा

ही वाट कशी होती, ते राजमाचीवर सर्वांत चांगले कळते. कर्जतहून उल्हास नदीच्या खोऱ्यात शिरून कोंदिवडे गाठले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. थोडे चढून गेल्यावर कोंदाणे लेणी लागतात. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कान्हाचा शिष्य बलक याने केलेल्या कामाची नोंद तिथल्या ब्राह्मी शिलालेखात आहे. पावसाळ्यात लेण्याच्या कपाळावरून पाण्याची धार कोसळते. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने देशावर चढत असे. त्या मार्गाच्या राखणीसाठी हे डोंगर नैसर्गिक ठाणे होते.

लेण्यांमागून खडी चढण सुरू होते. दाट झाडी, ओल्या मुळ्या, शेवाळलेले दगड. दोन-अडीच तासांनी माथा येतो आणि समोर उधेवाडी दिसते. वाडीच्या डोक्यावर दोन शिखरे आहेत, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोहोंच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे मंदिर आहे. श्रीवर्धन सुमारे तीन हजार फूट उंचीचा, दुहेरी तटाच्या चिलखती बुरुजाचा. मनरंजन थोडा ठेंगणा, छप्पर हरवलेल्या वास्तूंचा आणि टाक्यांचा. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीचा प्रांत घेतला, त्या सुमारास राजमाची स्वराज्यात आली. १७०४ मध्ये ती औरंगजेबाकडे गेली आणि वर्षभरात परत आली. १७१३ मध्ये ती कान्होजी आंग्र्यांकडे, १७३० मध्ये बाजीराव पेशव्यांकडे गेली. १७७६ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने तिचा ताबा घेतला. पुढे तो तोतया पकडला गेला आणि त्याला देहान्त शासन झाले. १८१८ मध्ये गड इंग्रजांना मिळाला आणि त्याचा इतिहास तिथेच थांबला, असे पुस्तके सांगतात.

गोनीदांना मात्र तो थांबलेला दिसला नाही. तोफा गेल्या, किल्लेदार गेले, पण माचीवर नांगर चालतच होता. पाऊस पडत होता, नाचणी पिकत होती, वाडीत लेकरे जन्मत होती. 'माचीवरला बुधा' या कादंबरीचा नायक कोणी सरदार नाही. मुंबईतील वर्षे मागे टाकून आपल्या माचीवर परतलेला तो एक म्हातारा आहे. त्याच्या सोबतीला कुत्रा, पाखरे आणि झाडे. कथानक म्हणावे असे फारसे घडत नाही. एक माणूस डोंगराच्या अंगाखांद्यावर जगतो आणि तिथेच मिसळून जातो. पण ही लहानशी कादंबरी वाचून कित्येक वाचकांनी राजमाची गाठली. गडाचा नकाशा दाखवण्याऐवजी गडावरचे जगणे दाखवल्यावर वाचकाला वर जावेसे वाटते, हे मराठीत या पुस्तकाने सिद्ध केले.

गडाखालची माणसे

गोनीदांच्या दुर्गप्रेमाची ही बाजू अनेकदा दुर्लक्षिली जाते. त्यांच्या नावाभोवती शिवकालाचे तेज इतके आहे, की त्यांनी गडाइतकेच गडाखालच्या माणसांवर लिहिले, याचा विसर पडतो.

'पवनाकाठचा धोंडी'मध्ये पवन मावळ आणि तुंगचा परिसर आहे. पराक्रमाचा वारसा सांगणाऱ्या, पण दिवस पालटलेल्या घराची ती कथा. तिच्यावर १९६६ साली चित्रपट निघाला. 'जैत रे जैत' या कादंबरीने ठाकरांचे जग मराठी वाचकांसमोर आणले. त्यांचा डोंगर, त्यांचा देव, त्यांचा ढोल आणि मधमाश्यांची पोळी. डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपट केला. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका, ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे तो घरोघरी पोहोचला.

हे लेखन करताना गोनीदा पाहुण्यासारखे वागले नाहीत. ठाकर, धनगर, कोळी, मावळातील शेतकरी यांची बोली त्यांनी कानात साठवली आणि पात्रांच्या तोंडी तशीच ठेवली. गडाची वाट या माणसांना ठाऊक होती, पाण्याचे टाके कोणते पिण्याचे आणि कोणते गुरांचे हे त्यांनाच माहीत होते. छापील नकाशे दुर्मीळ होते, मार्गदर्शक पाट्या नव्हत्या. चुकलेल्या वाटसरूला हाक मारून वाटेला लावणारे आणि रात्री ओसरीवर जागा देणारे हेच लोक होते. इतिहास शहरात लिहिला गेला, पण गडांची आठवण या वाड्यांनी जपली.

पाऊल आणि कॅमेरा

'दुर्गदर्शन', 'किल्ले' आणि विशेषतः 'दुर्गभ्रमणगाथा' या पुस्तकांनी गोनीदा खऱ्या अर्थाने दुर्गभ्रमंतीचे गुरू झाले. एकाच गडावर पुन्हा पुन्हा जाणे, तिथे मुक्काम करणे, वेगवेगळ्या ऋतूंत त्याला पाहणे ही त्यांची पद्धत. राजगड आणि रायगड यांच्यावर त्यांचा विशेष जीव होता. यादीतील गडांवर खुणा करीत पुढे पळण्याची घाई त्यांच्या लेखनात आढळत नाही. तरुणांना बरोबर घेऊन ते निघत. चालता चालता शिवचरित्रातील प्रसंग सांगत. जिथे घडले तिथेच उभे राहून ऐकलेला प्रसंग ऐकणारा विसरत नसे.

त्यांच्या हाती कॅमेराही होता. भिजलेले तट, दरवाजे, कडे आणि माच्या यांची असंख्य छायाचित्रे त्यांनी टिपली. त्यांच्या निधनानंतर ती 'गोनीदांची दुर्गचित्रे' या ग्रंथातून वाचकांसमोर आली. कित्येक दशकांचा पाऊस सोसलेल्या वास्तू आज बदलल्या आहेत. त्यामुळे या चित्रांना आता दस्तऐवजाचे मोल आले आहे.

त्यांच्या दुर्गलेखनाला मर्यादा नव्हत्या असे नाही. बांधकामाची मोजमापे, शिलालेखांचे वाचन, कागदपत्रांची चिकित्सा यांसाठी अभ्यासकाला इतर ग्रंथांकडे वळावे लागते. गोनीदा गडाकडे भक्ताच्या नजरेने पाहतात आणि भक्ताला प्रश्न कमी पडतात. तरीही पुढे मोजपट्टी घेऊन गडावर गेलेल्या अनेकांना पहिल्यांदा वर नेले ते याच भारावलेल्या लेखनाने. चिकित्सेच्या आधी ओढ लागावी लागते. ती लावण्याचे काम त्यांनी केले.

अकोल्याचा मान

परतवाड्याहून निघालेल्या मुलाचे एक वर्तुळ १९८१ साली पूर्ण झाले. अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गोनीदांकडे आले. सातवीत शाळा सोडलेल्या, कोणतीही पदवी नसलेल्या लेखकाला वऱ्हाडच्या भूमीने दिलेला हा मान होता. १९४७ साली घेतलेला निर्णय चुकला नव्हता.

१ जून १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मागे राहिली ती पुस्तके आणि वाटा. त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव आणि जामात डॉ. विजय देव यांनी कुटुंबीयांसह गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन गावोगावी केले. अभिनेत्री मृणाल कुलकर्णी या त्यांच्या नातीचाही त्यात सहभाग राहिला. विजय देव २०१९ मध्ये आणि वीणा देव २०२४ मध्ये निवर्तल्या. गोनीदांच्या नावाने दुर्गप्रेमींचे मंडळ उभे राहिले, दुर्गसाहित्य संमेलने भरली.

गर्दीत हरवलेली वाट

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे महाराष्ट्रातील अकरा किल्ले आणि तामिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले त्यात आहेत. एकेकाळी गुरे चरणाऱ्या जागा जगाच्या नकाशावर आल्या. राजमाची या यादीत नाही. यादीबाहेर राहिलेल्या शेकडो गडांचा सांभाळ कोण करणार, हा प्रश्न मात्र आता अधिक टोकदार झाला आहे.

दुसरीकडे, गोनीदांनी ज्या वाटेवर माणसांना आणले, त्या वाटेवर आता माणसे मावेनाशी झाली आहेत. पावसाळी रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर कोंडी होते. जूनच्या आरंभी काजवे पाहायला राजमाचीवर झुंबड उडते. मोठ्या आवाजातील गाणी, टाक्यांत तरंगणाऱ्या बाटल्या, तटावर कोरलेली नावे हे चित्र कोणत्याही दुर्गप्रेमीला नवे नाही. ओस पडलेला गड जसा ढासळतो, तसा गजबजलेला गडही ढासळतो. टाक्यांतील गाळ उपसणारे, प्लास्टिक गोळा करून खाली आणणारे तरुणांचे गटही त्याच गडांवर दिसतात. खराटा हाती घेतलेल्या संताच्या मागे फिरलेल्या लेखकाचा वारसा कुठला, हे ठरवायला त्यांच्याकडे पाहिले तरी पुरे.

उधेवाडीतील अनेक घरांची चूल आज गडावर येणाऱ्या पाहुण्यांवरही चालते. पिठलं-भाकरी, मुक्काम, वाटाड्या यांतून चार पैसे मिळतात. बुधाच्या माचीला माणसांचे वावडे कधीच नव्हते. तिथे येणाऱ्याने घरातल्यासारखे यावे, एवढीच तिची अपेक्षा. रविवारी संध्याकाळी भिजलेल्या सॅक घेऊन कर्जतहून गाडी पकडणारे तरुण रात्री कोपरला उतरतात, तेव्हा पलीकडच्या खाडीला पाणी चढलेले असते. ज्या दरीतून ते परतले, त्याच दरीत पडलेला पाऊस उल्हासच्या पात्रातून त्या खाडीत उतरत असतो.